जुन्या गाड्यांवरची नावं: ती अक्षरं आली कुठून आणि पुन्हा घडवायची कशी

पन्नाशीच्या दशकातल्या गाडीच्या मडगार्डवर क्रोमचं लपेटदार नाव असतं. शेवटच्या अक्षराची शेपटी खालून वळते आणि थेट पहिल्या अक्षराखाली येऊन थांबते. बघणाऱ्याला ती हौस वाटते. पण ती शेपटी कापून टाकली, तर अख्खं नाव मधूनच वाकेल. अक्षरं ओतीव धातूची, बारीक, एकमेकांना जेमतेम चिकटलेली. त्यांना आडवं धरून ठेवायला पट्टी हवी होती आणि आरेखकाने ती पट्टी सहीसारखी वळवली.

कंप्युटरवर एखादा लफ्फेदार फाँट निवडून, नाव टाइप करून, लेझरने कापून आणलेला मोनोग्राम (स्पेअर पार्टच्या दुकानात बॅज म्हणून मागू नका, मोनोग्राम म्हणा) लांबूनही नकली दिसतो, तो याचमुळे. ही अक्षरं लिहिताना ती कशात आणि कशी ओतली जाणार, याचा विचार आधी झालेला होता. नवी घडवतानाही सुरुवात तिथूनच करावी लागते.

आधी थोडा इतिहास, कारण धातू त्यावरून ठरतो

सगळ्यात जुनी वळणं हस्ताक्षराची आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत प्लॅट रॉजर्स स्पेन्सर याने रुजवलेलं तिरकं, लवचीक टाकाचं वळण व्यापारी शाळांमधून शिकवलं जाई. कोका-कोलाचं १८८६ चं नाव त्याच घराण्यातलं. फोर्डचं नाव १९०३ च्या सुमारास चाइल्ड हॅरोल्ड विल्स या फोर्डच्याच सुरुवातीच्या इंजिनिअरने त्या धर्तीवर काढलं आणि १९०९ मध्ये त्याची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी झाली. मॉडेल टीवर ते रेडिएटरच्या वरच्या टाकीच्या पत्र्यात ठशाने उठवलेलं असे. पत्र्यातून उठवायचं असल्याने अक्षरं तुटण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून टाकाची जाड-बारीक रेघ तशीच ठेवता आली. त्याच काळात इतर अनेक कंपन्यांची नावं पितळी पत्र्यातून कापून रेडिएटरच्या जाळीवर तारेने बांधलेली असत. तिथे मात्र अक्षर अक्षराला जोडणं भाग होतं.

दुसरी परंपरा मीनाकारीची. तांब्याच्या पत्र्यात खोलगट नक्षी, त्यात काचेची पूड, मग भट्टी. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या ज्वेलरी क्वार्टरमधले बिल्लेवाले गाड्यांचेही बिल्ले करत. बुगाटीचं लाल अंडाकृती चिन्ह याच जातीचं. यात अक्षरांना पाठीमागून पत्र्याचा आधार असतो, म्हणून ती सुटी, ठसठशीत, ठळक कोपऱ्यांची चालतात.

तिसरा टप्पा आपल्या कामाचा. १९२४ च्या सुमारास कोलंबिया विद्यापीठात कॉलिन फिंक आणि चार्ल्स एल्ड्रिज यांनी क्रोम चढवण्याची व्यवहारात चालणारी पद्धत बसवली आणि त्या दशकाच्या अखेरीस निकेल मागे पडून क्रोम आलं. १९२९ मध्ये न्यू जर्सी झिंक कंपनीने झमॅक नावाचे जस्ताचे मिश्रधातू आणले. त्यात सुमारे चार टक्के ॲल्युमिनियम, किंचित मॅग्नेशियम, काही प्रकारांत एक टक्का तांबं. हा धातू ३८५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो आणि पोलादी डायमध्ये (कायमच्या साच्यात) दाबाने सोडला की बारीकसारीक कोपऱ्यात शिरतो. एका डायमधून हजारो नग. इंग्लंडमध्ये यालाच मझॅक म्हणत. पुढच्या तीस वर्षांतली मडगार्डवरची, डिकीवरची, डॅशबोर्डवरची लपेटदार नावं मुख्यतः याच धातूची.

पण केसासारखी बारीक रेघ डायमध्ये भरत नाही, वाटेतच गोठते. म्हणून टाकाची जाड-बारीक रेघ जाऊन जवळपास एकाच जाडीची, ब्रशने ओढल्यासारखी रेघ आली. त्या काळातले साइनबोर्ड रंगवणारेही ब्रशनेच लिहीत होते, त्यामुळे फॅशन आणि कारखाना दोघांचं जमलं. ‘आय’वरचा ठिपका एकतर वगळला जाई, शेजारच्या अक्षराला चिकटवला जाई, किंवा त्याला गाडीच्या पत्र्यात अडकवायची स्वतःची वेगळी खुंटी मिळे. साठीत प्लॅस्टिकवर क्रोम चढवणं जमलं आणि सत्तरीत हा सगळा खेळ एबीएस प्लॅस्टिककडे गेला.

महाराष्ट्रात जुनी गाडी दुरुस्त करणाऱ्याने हे माहीत करून घ्यावं, कारण इथे तिन्ही काळांतल्या गाड्या सापडतात. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी क्रायस्लर घराण्यातल्या डॉज-प्लिमथ निघाल्या आणि मग फियाट. फियाटच्या बाबतीत एक खाचखळगा आहे. १९६४ ची ११०० डिलाइट, सत्तरीच्या सुरुवातीची प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासूनची प्रीमियर पद्मिनी यांची बॉडी साधारण एकच, नाव मात्र वेगळं. त्यामुळे भंगारातून मिळालेल्या डिकीवरचा मोनोग्राम गाडीच्या सालाचा असेलच असं नाही. आरसी बुकावरचं साल आधी बघा, मग अक्षरांच्या मागे लागा.

पायरी १: हातातला तुकडा कशाचा आहे ते ओळखा

मूळ मोनोग्राम असेल, तुटका का होईना, तर सोनाराच्या तराजूवर तोला. मग दोऱ्याला टांगून पाण्यात बुडवून पुन्हा तोला. हवेतलं वजन भागिले पाण्यात घटलेलं वजन. उत्तर साडेआठच्या आसपास आलं तर पितळ, ६.६ ते ६.७ आलं तर जस्त, २.७ आलं तर ॲल्युमिनियम, एकाच्या जरा वर आलं तर प्लॅस्टिक. उदाहरणार्थ, ६० ग्रॅमचा तुकडा पाण्यात ९ ग्रॅमने हलका झाला, तर ६.६७, म्हणजे जस्त. तराजू नसेल तर मागच्या बाजूला न दिसणाऱ्या जागी कानस हलकेच फिरवा. पिवळा निघाला तर पितळ, राखाडी निघाला तर जस्त. लोहचुंबकाच्या भरवशावर राहू नका. वरच्या निकेलच्या थरालाच तो किंचित ओढला जातो आणि माणूस फसतो.

पाठ नीट वाचा. गोल गोल ठसे दिसले तर ते डायमधून नग ढकलून काढणाऱ्या पिनांचे, म्हणजे ओतीव नग. पार्ट नंबर किंवा कारखान्याची खूण असेल तर फोटो काढून ठेवा.

पितळ चमकवायला आपल्याकडे हात आपोआप चिंचेकडे आणि लिंबाकडे जातो. जस्तावर हे करू नका. आंबट पदार्थ क्रोमच्या बारीक छिद्रांतून आत जाऊन जस्त खातो आणि वरचं क्रोम फोडासारखं उठतं. कोमट पाणी, साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश पुरे. सुरुवातीच्या काळातल्या, शिशासारखी अशुद्धी असलेल्या जस्ताला आतूनच तडे जातात, तुकडा फुगतो आणि वाकडा होतो. असा नग दुरुस्त होत नाही. त्याचं माप घ्या आणि जपून ठेवा.

पायरी २: माप घ्या, पण पाठीवरून

पुढची बाजू चकचकीत, उताराची. स्कॅनरला तिची कड धड दिसत नाही. पाठ सपाट आणि मॅट असते, आणि नावाची खरी बाह्यरेषा तिथेच असते. म्हणून पाठ स्कॅनरच्या काचेवर टेकवून स्कॅन करा किंवा मोनोग्राम उपडा ठेवून पाठीचा फोटो काढा, आणि चित्र कंप्युटरवर आरशासारखं उलटवा. स्कॅनर जुन्या जाडजूड सीसीडी प्रकारचा असला तर उत्तम. हल्लीच्या पातळ स्कॅनरमध्ये काचेपासून एक-दोन मिलिमीटर वर असलेली वस्तू लगेच धूसर होते. ६०० डीपीआय पुरेसं. शेजारी पोलादी पट्टी ठेवाच, म्हणजे नंतर मापाचा वाद राहत नाही.

मडगार्डच्या गोलाईप्रमाणे मोनोग्राम वाकवलेला असेल तर स्कॅनमध्ये तो खऱ्यापेक्षा आखूड येतो. मात्र घाबरण्याआधी हिशोब करा. २०० मिमी लांबीच्या तुकड्याला मधोमध ५ मिमीचा बाक असेल तर फरक मिलिमीटरच्या तिसऱ्या भागाएवढा, सोडून द्या. बाक १५ मिमी असेल तर फरक ३ मिमीवर जातो आणि भोकं जुळत नाहीत. तेव्हा लवचीक टेपने वक्रावरून लांबी मोजा आणि आडव्या दिशेने चित्र तेवढं ताणा.

मूळ नगच नसेल तर? गाडीवर पुरावा असतो. जुन्या रंगावर मोनोग्रामखालचा भाग उन्हापासून वाचलेला असतो, त्याची सावली दिसते. ती नसली तरी भोकं असतात. कागद लावून भोकांच्या जागा छापून घ्या, केंद्रापासून केंद्रापर्यंत व्हर्निअरने मोजा. मग त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीचा फोटो तीनेक मीटर लांबून, झूम करून, कॅमेरा अक्षरांच्या समोर समपातळीत धरून काढा. जवळून मोबाइलने काढलेल्या फोटोत पहिलं आणि शेवटचं अक्षर विस्कटतं. भोकांची मापं हाताशी असल्याने फोटो प्रमाणात आणता येतो. मुंबईत चोरबाजारात, पुण्यात बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात नुसती मापं घ्यायलाही चक्कर मारावी. विकत घ्यायचं नसेल तर दुकानदाराला आधीच सांगा, चहा पाजा, बहुतेक जण घेऊ देतात.

मापासाठी जुन्या जाहिरातींच्या चित्रांवर मात्र विसंबू नका. त्या काळातले चित्रकार गाडी लांब आणि बुटकी दाखवत, अक्षरंही त्याबरोबर ताणली जात.

पायरी ३: रेषा काढा

इथे वेळ द्या. पुढची सगळी कामं पैसे देऊन करून घेता येतात, हे नाही.

इंकस्केप हे रेषाचित्रांचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. स्कॅन खालच्या थरात ठेवा, त्यावर हाताने वक्ररेषा काढा. आपोआप रेषा काढून देणारं बटण वापरलं तर प्रत्येक ओरखडा आणि गंजाचा खड्डाही अक्षराचा भाग होतो. बिंदू कमीत कमी ठेवा: वक्राच्या सगळ्यात वरच्या, खालच्या, डाव्या, उजव्या टोकाला. एका साध्या गोल अक्षराला बाहेरून चार आणि आतून चार बिंदू पुरतात. त्याहून जास्त लागत असतील तर रेषा कुठेतरी अडखळते आहे. क्रोम चढल्यावर ती अडखळ प्रकाशाच्या पट्ट्यात स्पष्ट दिसते, कंप्युटरवर दिसत नाही.

एकच अक्षर नावात दोनदा आलं तर पहिलं कॉपी करून दुसऱ्या जागी चिकटवू नका. शेवरोलेटमधल्या दोन ‘ई’ घ्या. एकीच्या पुढे ‘व्ही’ जोडायचा, दुसरीच्या पुढे ‘टी’. जोडरेषा वेगळी, म्हणून पोटही थोडं वेगळं. हाताने काढलेल्या नावात हे फरक असतात आणि नाव जिवंत दिसतं ते त्यांच्यामुळेच.

सगळ्यात अरुंद जोड कुठे आहे ते शोधा आणि त्याची रुंदी मूळ नगावर प्रत्यक्ष मोजा. स्कॅनमध्ये झीज धरून ती कमी दिसते. पितळात ओतायचं असेल तर दीड मिलिमीटरच्या खाली जाऊ नका. चित्र पूर्ण झालं की उलटं करून बघा, मग एकास एक मापात साध्या कागदावर छापा, कापा आणि गाडीवर चिकटवून चार पावलं मागे जा. ओळ किंचित चढती असते का, गाडीच्या बाजूच्या क्रोम पट्टीशी समांतर असते का, हे तिथेच कळतं.

पायरी ४: उंची द्या

चित्र एसव्हीजीमध्ये (रेषाचित्राची फाइल) काढून फ्रीकॅड किंवा ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये न्या. मूळ नगाची जाडी मोजा, लपेटदार नावांत ती साधारण ३ ते ५ मिमी असते. बाजू सरळ उभ्या ठेवू नका, त्यांना दोन-तीन अंशांचा उतार द्या. डायमधून नग सुटावा म्हणून तो असायचाच, आणि नजरेला तो सवयीचा झालेला आहे. वरचा पृष्ठभाग सपाट, मधे फुगीर की दोन उतारांची धार असलेला, हे मूळ नगावर नखाने चाचपून ठरवा. धार असेल तर सॉफ्टवेअरची आपोआप काढलेली धार फार यांत्रिक येते, वळणावर ती थोडी हाताने सरकवावी लागते.

आता मापाची भर. ओतीव पितळ थंड होताना साधारण दीड टक्का आक्रसतं, पण प्रत्येक ओतणाऱ्याचं वेगळं. म्हणून आधी त्याच पद्धतीने १०० मिमीची साधी पट्टी ओतून घ्या. ती ९८.४ मिमी निघाली तर सगळं चित्र १.०१६ ने मोठं करा. पॉलिशमध्ये वरून जाणाऱ्या धातूसाठी आणखी ०.१ ते ०.२ मिमी सोडा. प्लेटिंगची जाडी यापुढे नगण्य आहे.

पायरी ५: ओतून घ्या

घरी जस्त वितळवण्याच्या फंदात पडू नका. डाय परवडत नाही आणि एका-दोन नगांसाठी पितळ अधिक चांगलं: मजबूत, डाग देता येतो (म्हणजे सोल्डर करून जोडता येतं), क्रोम छान धरतं.

लहान मोनोग्रामसाठी सोनारांची पद्धत सगळ्यात सोपी. जळून जाणाऱ्या रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट, त्याभोवती प्लास्टरसारखा साचा, भट्टीत रेझिन जळून गेलं की त्या पोकळीत पितळ. मुंबईत झवेरी बाजाराच्या आसपास दागिन्यांसाठी हे रोज चालतं. तिथे लांबीची मर्यादा विचारा, त्यांचे साचे दागिन्यांच्या मापाचे असतात. धातू आत जाण्याची वाट जाड रेघेच्या पाठीवर ठेवायला सांगा, पुढच्या बाजूला नको.

वीतभराहून लांब नाव असेल तर ५-६ मिमी पितळी पट्टीतून सीएनसीवर कोरून घ्या. फक्त आतले कोपरे कटरच्या गोलाईचे येतात, ते सुईकानसेने हाताने टोकदार करावे लागतात. वाळूच्या साच्यात ओतणारे स्वस्त पडतात, पण पृष्ठभाग खरबरीत येतो आणि बारीक जोड भरत नाहीत. मोठी, जाड, सुटी अक्षरं असतील तरच तिकडे जा.

मागच्या खुंट्या आत्ताच बसवा. पाठीत जाडी असेल तर तीन मिलिमीटरचे आटे पाडा, नसेल तर पितळी खुंट्यांना चांदीचा डाग द्या. क्रोम चढल्यावर उष्णता दिली की सगळं वाया.

पायरी ६: पॉलिश आणि प्लेटिंग

नव्याने केलेले मोनोग्राम बिघडतात ते बहुतेक इथे. बफिंगच्या चाकावर दोन मिनिटं जास्त धरलं की कडा साबणाच्या वडीसारख्या झिजतात. चाकाकडे पाठवण्याआधी लाकडी काडीला वॉटर पेपर गुंडाळून ४००, ६००, १००० असं हाताने घासून आणा, म्हणजे चाकाला फक्त चमक आणायचं काम उरतं. कडा धारदार राहिल्या पाहिजेत हे बफिंगवाल्याला समोर उभं राहून सांगा. चिठ्ठी लिहून पाठवलेली कोणी वाचत नाही.

मग निकेलचा थर १५ ते २५ मायक्रॉन आणि त्यावर क्रोम, एक मायक्रॉनच्याही आतलं. चमक आणि संरक्षण निकेलचं असतं, क्रोम फक्त निळसर झाक आणि कडकपणा देतं. निकेलला कंजुषी केली तर दोन पावसाळ्यांत ठिपके येतील, कोकणात त्याआधीच. गाडी विशीच्या दशकातली असेल तर क्रोम चढवूच नका. तिथे निकेल हवं, जरा उबदार, पिवळसर झाकेचं.

मूळ जस्ताचा नगच पुन्हा क्रोम करायचा असेल तर तो जस्तावर काम करणाऱ्याकडेच द्या. आम्लाच्या तांब्याच्या हौदात जस्त थेट बुडवलं तर विरघळतं. आधी सायनाइडच्या हौदात तांब्याचा पातळ थर चढवावा लागतो. हे विषारी काम, आणि क्रोमचा जुना हौद तर कॅन्सरकारक. यूट्यूब बघून बाल्कनीत करण्यासारखं यात काही नाही.

रंग भरायचा असेल तर तो प्लेटिंगनंतर. जस्ताच्या नगावर खरी मीनाकारी कधीच नसते, कारण काच वितळायला आठशे अंशांच्या आसपास तापमान लागतं आणि जस्त त्याच्या निम्म्यातच वितळतं. तिथे मुळातच रंग असायचा. सिरिंजने खोलगट भागात इनॅमल पेंट सोडा, थोडा घट्ट झाला की सपाट रबरावर कापड ताणून वरची अक्षरं पुसून घ्या. खरी मीनाकारी हवी असेल तर पाया तांब्याचा घ्या. जास्त जस्त असलेल्या पितळेवर काच धड टिकत नाही.

पायरी ७: गाडीवर बसवा

भोकांचा कागद पुन्हा छापा आणि जुन्या भोकांवर ठेवून खात्री करा. भोकांच्या कडांचा गंज काढून प्रायमर लावा. मोनोग्रामच्या मागे त्याच्याच आकाराचा पातळ रबर किंवा फोम कापून ठेवा, नाहीतर पितळ आणि पत्रा ओले झाले की पत्र्याचा गंज वाढतो. मागून नट घट्ट पिळू नका. रबरी वायसर, त्यावर धातूचा वायसर आणि बोटाने बसेल त्याहून पाव फेरा जास्त. भोकात सीलंट हवंच, कारण पावसाचं पाणी खुंटीवरून आत उतरतं आणि मडगार्ड आतून सडतं.

नग बसवण्याआधी पाठीवर नव्याने केल्याचं साल कोरून ठेवा. पुढे गाडी विकली गेली तर घेणाऱ्याला ते मूळ वाटू नये. स्वतःच्या गाडीसाठी एक नग करणं आणि कंपनीच्या नावाचे नग बनवून बाजारात विकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही बरीचशी नावं आजही नोंदणीकृत व्यापारचिन्हं आहेत, त्यामुळे मित्रांनी मागितलं म्हणून पन्नास नग ओतायला जाऊ नका. तुटका मूळ नग आणि एसव्हीजीची फाइल मात्र गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवा.

धुताना खाऱ्या हवेतून आलेली गाडी आधी साध्या पाण्याने, मग साबणाने. अक्षरांच्या मधल्या फटीत मेणाचं पॉलिश साचून पांढरं दिसतं, ते दात घासायच्या जुन्या मऊ ब्रशने काढा.